बॅराज बलून खरंच उपयोगी होते का? हवाई संरक्षण तोफखान्यातल्या एका जुन्या माणसाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चेंबूरला राहता, गच्चीवरून माहुलच्या रिफायनरीच्या टाक्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनवर तारेला बांधून तरंगणाऱ्या प्रचंड फुग्यांचे, म्हणजे बॅराज बलूनचे, फोटो तुम्ही पाहिलेत. एका लढाऊ विमानाने चार गोळ्या झाडल्या तरी असा फुगा पेटणार, मग ब्रिटनने हजारो माणसं त्यांच्यामागे का लावली? आणि त्यांचा खरंच उपयोग होत असेल, तर ड्रोनच्या या काळात आपण ते का लावत नाही?

प्रश्न दोन आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. या फुग्याचा उपयोग कसा मोजायचा? पाडलेली विमानं मोजली तर तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. मी तसा मोजत नाही. का, ते सांगतो.

आधी माझ्याविषयी. बॅराज बलून मी कधी हाताळलेला नाही. मी सैन्यात आलो तेव्हा तो इतिहासजमा झाला होता. पण ज्या तोफांचा तो जोडीदार होता, त्या जातीच्या तोफांवर मी सव्वीस वर्षं काढली. माझं शिक्षण देवळालीला झालं. पुढे आमचं हवाई संरक्षणाचं प्रशिक्षण ओडिशातल्या गोपाळपूरला हललं, तिथेही मी शिकवायला होतो. बहुतेक नोकरी एल-सेव्हन्टीवर, म्हणजे 40 मिलिमीटरच्या बोफोर्सवर. पूल, विमानतळ, इंधनाचे साठे अशा जागा सांभाळणं हे आमचं काम. आमच्या भाषेत अशा जागेला ‘व्ही.पी.’ म्हणतात. व्ही.पी.भोवती तोफा कुठे लावायच्या यावर मी जितका वेळ डोकं खपवलंय, तितका घरच्या कुठल्याही प्रश्नावर नाही.

आता तोफेच्या मागे बसून बघा. विमान सेकंदाला 100 मीटर वेगाने चाललंय, म्हणजे ताशी 360 किलोमीटर. 1940 च्या बॉम्बफेकी विमानांचा वेग साधारण याच घरातला. ते तुमच्यापासून 3000 मीटरवरून आडवं गेलं, तर त्याच्याबरोबर राहायला तोफेला सेकंदाला दोन अंश फिरावं लागतं. ते जमतं. तेच विमान 300 मीटरवरून गेलं तर सेकंदाला एकोणीस अंश. शिवाय ते झाडामागून किंवा इमारतीमागून अचानक उगवतं आणि चार-पाच सेकंदांत पलीकडे दिसेनासं होतं. सरावात विमानाने तारेने ओढलेल्या लक्ष्यावर आम्ही गोळीबार करायचो. नव्या पोरांना मी मुद्दाम जवळचा, खालचा ‘क्रॉसिंग’ दाखवायचो. तोफ फिरते, लेअर (तोफेचा नेम धरणारा) घामाघूम होतो आणि लक्ष्य केव्हाच निघून गेलेलं असतं. एल-सेव्हन्टी तरी चपळ आहे. 1940 मध्ये ब्रिटिशांचा मुख्य भर 3.7 इंची जड तोफेवर होता. अगदी डोक्यावरून सरपटत जाणाऱ्या विमानापुढे ती हतबल व्हायची.

म्हणजे जमिनीलगतचा आकाशाचा थर ही तोफखान्याची उघडी कूस. हल्लेखोराला हाच थर सगळ्यात प्रिय, कारण खालून टाकलेला बॉम्ब नेमका पडतो. हा थर बंद करायला फुगा होता.

फुगा स्वतः काहीच करत नाही. खरं हत्यार म्हणजे त्याच्याखालची पोलादी तार, फुगा फक्त ती उभी धरतो. ब्रिटिशांचा नेहमीचा एल.झेड. फुगा सुमारे 19 मीटर लांब आणि साडेसात मीटर जाड होता. त्यात साधारण 540 घनमीटर वायू मावायचा. वरच्या भागात हायड्रोजन, पोटाखालच्या कप्प्यात आणि मागच्या तीन कल्ल्यांमध्ये वाऱ्यानेच भरली जाणारी हवा. त्यामुळे तो वाऱ्याकडे तोंड करून स्थिर राहायचा आणि खाली विंच बसवलेल्या ट्रकवरून तार सोडली-ओढली जायची. घनमीटरमागे हायड्रोजन जेमतेम 1.1 किलो उचलतो. म्हणजे एकूण ओढ 600 किलोच्या आसपास. त्यातून फुग्याचं स्वतःचं वजन वजा करा, मग तारेचं. जितकं वर जावं तितकी तार जड होत जाते आणि वायूची उचल कमी होत जाते. म्हणून हे फुगे साधारण 1500 मीटरपर्यंतच चढवत. मॉस्कोच्या संरक्षणात सोव्हिएत लोकांनी एकावर एक दोन फुगे जोडून याहून बरीच जास्त उंची गाठली, पण वजनाच्या गणितातून त्यांचीही सुटका नव्हती.

तार पंख कापून टाकते असा बऱ्याच जणांचा समज असतो. क्वचित तसं होतही असेल. पण ब्रिटिशांनी केलेली योजना याहून हुशार होती. विमान तारेला धडकलं की वर आणि खाली, दोन्हीकडे बसवलेले छोटे स्फोटक कटर तार तोडायचे. तुटलेल्या तारेच्या दोन्ही टोकांना एकेक पॅराशूट उघडायचं. आता विमानाच्या पंखाला शेकडो मीटर तार अडकलेली आणि तिच्या दोन टोकांना दोन पॅराशूट मागे खेचतायत. विमानाचा वेग क्षणात घसरायचा आणि ते हवेत टिकायचंच नाही. मला हे तंत्र फार आवडतं, कारण यात विमानाचा स्वतःचाच वेग त्याच्यावर उलटवलाय.

आता ‘चार गोळ्यांत फुगा पेटतो’ या आक्षेपाकडे येऊ. पेटतो, हे खरं. ऑगस्ट 1940 मध्ये डोव्हर बंदरावरचे फुगे जर्मन मेसरश्मिट विमानांनी पुन्हा पुन्हा पेटवले. ब्रिटिश पुन्हा नवे चढवत राहिले. पण हिशोब दोन्ही बाजूंनी मांडा. फुगा पाडायला शत्रूने लढाऊ विमान आणि तयार वैमानिक पाठवला. त्याला फुग्यापर्यंत खाली यावं लागलं, म्हणजे तो हलक्या तोफांच्या टप्प्यात आला. खाली तोफची आधीच रोखून बसलेले, कारण विमान नेमकं कुठे येणार हे फुग्यानेच सांगून ठेवलंय. त्या बदल्यात गेलं काय? रबर लावलेलं कापड आणि वायू. मी तिथे बॅटरी कमांडर असतो तर हा सौदा रोज केला असता. आणि रात्री, ढगात, फुगे शोधून पाडत बसणं कुणालाच जमत नव्हतं.

वैमानिकाच्या मनाचं काय होतं, हे मला एका संयुक्त सरावात कळलं. हवाई दलातला एक स्नेही आमच्या पुलावर लुटुपुटीचे हल्ले चढवत होता. तो दर वेळी एका ठरावीक बाजूने यायचा, दुसऱ्या बाजूने कधीच नाही. संध्याकाळी चहाला विचारलं तर म्हणाला, ‘‘त्या बाजूला हाय टेन्शनची लाइन आहे. मनोरे दिसतात, तारा दिसत नाहीत. म्हणून तिकडे मी उतरतच नाही.’’ मी त्याच रात्री दोन तोफा हलवल्या. त्या विजेच्या तारांनी एकही विमान पाडलं नव्हतं, पण आकाशाची एक बाजू माझ्यासाठी मोफत बंद करून दिली होती. बॅराज बलूनचा उपयोग मी असा मोजतो. शत्रूला किती उंच जावं लागलं, कोणत्या वाटा सोडाव्या लागल्या, त्याची नेम धरण्याची उंची किती बिघडली. जर्मन स्टुका विमान सूर मारून साधारण 450 मीटरवर बॉम्ब सोडायचं, तेव्हाच त्याचा नेम नावाजण्यासारखा लागायचा. फुग्यांच्या तारा 1500 मीटरपर्यंत उभ्या असतील तर तो सूर पूर्ण करताच येत नाही.

इथपर्यंत मी फुग्याची बाजू घेतली. पण त्याचा उपयोग होतो की नाही हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्यातली पहिली म्हणजे तुम्ही काय वाचवताय.

पूल, धरण, गोदी, कारखाना, जहाजांचा तळ अशा नेमक्या जागी नेम बिघडला की तुम्ही वाचलात. 16 ऑक्टोबर 1939 रोजी स्कॉटलंडमधल्या फर्थ ऑफ फोर्थमध्ये युद्धनौकांवर जर्मन हल्ला झाला. त्यानंतर तिथल्या रेल्वे पुलाच्या परिसरात फुगे चढले, ते अगदी योग्य होतं. खाडी अरुंद, येण्याच्या वाटा मोजक्या, थोड्या तारांत बराच अडसर. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अमेरिकी सैन्याची 320 वी बॅराज बलून बटालियन उतरली. तिच्यातले सैनिक कृष्णवर्णीय होते. त्यांनी माणसांना हाताने नेता येतील असे लहान फुगे गोळीबारातून किनाऱ्यावर आणले. धोका होता तो किनाऱ्यावर दाटलेल्या माणसांवर आणि जहाजांवर सरपटत येऊन गोळ्या झाडणाऱ्या विमानांचा. त्या कामाला लहान फुगा पुरेसा होता.

पण शत्रूला अख्खं शहरच जाळायचं असेल तर? 1940 च्या मध्याला ब्रिटनमध्ये सुमारे 1400 फुगे होते आणि त्यातले साधारण एक तृतीयांश लंडनच्या परिसरात. तरीही सप्टेंबर 1940 पासून मे 1941 पर्यंत लंडन जळत राहिलं आणि देशभरात 40,000 हून जास्त नागरिक मेले. विमानं रात्री, फुग्यांच्या कितीतरी वरून यायची. फुग्यांनी त्यांना वर ठेवलं, नेम बिघडवला. नेम बिघडल्याचा फायदा गोदीला झाला, गोदीशेजारच्या वस्तीला झाला नाही. गोदीवर पडायचा तो बॉम्ब कुणाच्या तरी घरावर पडला. ही गोष्ट मी शिकवताना कधी गाळली नाही, कारण नकाशावर तोफा मांडणारा माणूस व्ही.पी.भोवतीच्या घरांकडे बघायला विसरतो. 13 सप्टेंबर 1940 ला वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात हाइंकेल जातीचं एक जर्मन बॉम्बफेकी विमान फुग्याच्या तारेत सापडून पडलं. फुग्याचं हे यशच. पण ते पडलं एका घरावर आणि त्या घरातली दोन मुलं दगावली. शहरावर पाडलेलं विमान शहरावरच पडतं.

व्ही-1 उडत्या बॉम्बची गोष्ट याहून बोलकी आहे, आणि तुमच्या ड्रोनच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे. जून 1944 पासून जर्मनीने हे वैमानिक नसलेले बॉम्ब लंडनवर सोडायला सुरुवात केली. वेग ताशी सुमारे 640 किलोमीटर, उंची साधारण 600 ते 900 मीटर. म्हणजे बरोबर फुग्यांच्या टप्प्यात. ब्रिटिशांनी देशभरातले फुगे गोळा करून लंडनच्या आग्नेयेला दाट रांगा उभ्या केल्या, दीड हजारांहून अधिक. पाडलेले बॉम्ब सुमारे 4000, त्यातले फुग्यांच्या नावावर 231.

एवढं मोठं जंगल उभारून इतकेच? याची कारणं तीन. पहिलं, फुगे रांगेत शेवटी होते. आधी समुद्रावर विमानं, मग किनाऱ्यावर तोफांचा पट्टा, मग पुन्हा विमानं आणि या सगळ्यांतून निसटलेले बॉम्ब तेवढे फुग्यांकडे. तेव्हा ते 231 म्हणजे बाकी सगळ्यांच्या हातून सुटलेले. दुसरं कारण पंखांच्या मापाचं. व्ही-1 चा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वापाच मीटरच्या आसपास. तारा शंभर मीटरवर असतील तर एका रांगेत धडकण्याची शक्यता शंभरात पाच. हाइंकेलचा पंख साडेबावीस मीटरचा, त्याला तीच रांग शंभरात बावीस. म्हणून तर रांगांमागे रांगा लावाव्या लागल्या. आणि जर्मनांनी पंखांच्या पुढच्या कडेला तार कापणारी पाती बसवायला सुरुवात केली, तेव्हा तीही शक्यता घटली.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. व्ही-1 घाबरत नव्हता. माझ्या त्या स्नेह्याला तारेच्या नुसत्या कल्पनेने वाट बदलावी लागली. यंत्राला कल्पना नसते. तारेचं तीन चतुर्थांश काम वैमानिकाच्या डोक्यात होतं. डोकंच नसेल तर तिच्याकडे उरतो फक्त धडकेचा योगायोग.

किंमतही सांगितली पाहिजे, कारण फोटोत ती दिसत नाही. एकेका फुग्यामागे रात्रंदिवस जागणारी तुकडी लागायची. वायू झिरपतो, शुद्धता घसरते, पुन्हा भरावा लागतो. वारा वाढला की उतरवा, थांबला की चढवा. वीज कडाडू लागली की फुगाच पेटायचा. तोफखान्यात आमच्या हवामान तुकड्या लहान फुग्यांत हायड्रोजन भरत. मी जिथे पाहिलं, तिथे नायलॉनचा कपडा घालून भरणीजवळ फिरकायलाही मनाई होती. एवढ्याशा फुग्याला इतकी काळजी, तर 540 घनमीटरला किती! 1941 पासून ब्रिटनमध्ये हे काम हवाई दलाच्या महिला शाखेतल्या हजारो मुलींनी हाती घेतलं. भर हिवाळ्यात, ओल्या तारांशी झुंजत त्यांनी ते पार पाडलं. लेनिनग्राडच्या वेढ्यात विंच चालवायला पेट्रोल उरलं नाही, तेव्हा बोरिस शेलिश्च या तंत्रज्ञाने फुग्यांतून काढलेला अशुद्ध हायड्रोजन ट्रकच्या इंजिनांना जोडला आणि विंच पुन्हा चालू केल्या.

आणि तारेला आपलं-परकं कळत नाही. तारांमध्ये स्वतःची विमानंही अडकली, म्हणून ब्रिटिशांना फुग्यांच्या जागी रेडिओवरून इशारा देणारी यंत्रं बसवावी लागली. सप्टेंबर 1940 च्या वादळात सुटलेले काही फुगे तर तार लोंबकळत थेट स्वीडन, डेन्मार्कपर्यंत गेले आणि तिथल्या विजेच्या लाइनी पाडून बसले. त्यावरूनच कल्पना घेऊन 1942 पासून ब्रिटिशांनी मुद्दाम लहान फुगे जर्मनीकडे सोडले. अशा एका फुग्याच्या तारेने जुलै 1942 मध्ये लाइपझिगजवळचं एक वीज केंद्र जळून गेलं. मूळ विषय तो नाही, पण इतक्या स्वस्त साधनाने एवढं नुकसान केल्याची उदाहरणं मला फार माहीत नाहीत.

तर इथवरचा हिशोब असा: लक्ष्य लहान आणि नेमकं, हल्ला खालून, विमानात माणूस, आणि वर धाडल्यावर त्याला टिपायला तोफा हजर, या चारही गोष्टी जुळल्या तर फुगा सोन्यासारखा. एकेक गोष्ट वजा करा, तसा त्याचा उपयोग घटत जातो. नुसते फुगे लावून तोफा नसतील तर शत्रू फुग्यांच्या हजार-दोन हजार मीटर वर जाऊन निवांत बॉम्ब टाकतो.

आता माहुल. आपल्या देशात बॅराज बलून कधीच नव्हते असं नाही. जपानी हल्ल्यांच्या भीतीने दुसऱ्या महायुद्धात कलकत्त्यात आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यावर ते चढले होते. पण आज तुमच्या गच्चीसमोर ते लावावेत का, असं मला विचारलंत तर मी नको म्हणेन.

पहिली अडचण विमानतळाची. तो तिथून काही किलोमीटरवर आहे आणि दिवसभर विमानं उतरत-चढत असतात. त्या आकाशात दीड हजार मीटर उंच, न दिसणाऱ्या तारा उभ्या करणं म्हणजे रोजचा धोका पत्करून कधीतरी येणाऱ्या धोक्यापासून बचाव करणं. दुसरी आपल्या पावसाची. जून ते सप्टेंबर कोकण किनाऱ्यावर जो वारा असतो, त्यात हे फुगे बहुतेक दिवस जमिनीवर बांधूनच ठेवावे लागतील. तिसरी, आजची लढाऊ विमानं खूप दूरवरून, उंचावरून मार्गदर्शित बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं सोडतात. त्यांना तुमच्या टाक्यांवर यायचंच नसतं.

राहता राहिलं ड्रोन. लक्ष्यावर जाऊन आदळणाऱ्या, इराणी शाहेद प्रकारच्या ड्रोनचा पंख अडीच मीटरच्या आसपास. वरचंच गणित लावा: शंभर मीटरवरच्या तारांत शंभरात अडीच. आणि त्यालाही भीती नाही. तारांमध्ये जाळी ताणली तर शक्यता वाढते, पण जाळी जड होते, वारा धरते आणि मग फुगा तिला वर नेऊ शकत नाही. पहिल्या महायुद्धात, 1917 नंतर, लंडनभोवती तीन-तीन फुगे आडव्या तारेने जोडून त्यांना सुमारे 300 मीटर लांब तारांचा पडदा लोंबकळत ठेवला होता. ती चाल आज पुन्हा कुणी करून पाहिली तर मला आश्चर्य वाटणार नाही. ती जमेल तर एखाद्या उघड्या मैदानावरच्या ठाण्याला. वस्तीने वेढलेल्या रिफायनरीला नाही, कारण अडवलेलं ड्रोन स्फोटकांसकट खालीच येतं, आणि खाली तुम्ही राहता.

आजच्या हवाई संरक्षणात दोराला बांधलेल्या फुग्याला काम आहे, पण ते डोळ्याचं. आपल्या हवाई दलाकडे असे एरोस्टॅट आहेत, ज्यांच्याखाली रडार टांगलेलं असतं. खालून येणारं विमान जमिनीवरच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईमुळे उशिरा दिसतं. वर टांगलेल्या रडारला ते कितीतरी आधी दिसतं. तोफेवर बसून मी आयुष्यभर ज्या चार-पाच सेकंदांशी झगडलो, त्यांचे हा फुगा मिनिटं करून देतो. तुमच्या टाक्यांसाठी काही मागायचंच झालं तर मी दूर समुद्राकडे बघणारं असं एखादं रडार मागेन, जवळ चपळ तोफा मागेन, आणि टाक्यांवर थेट बसवलेली, जमिनीला घट्ट रोवलेली पोलादी जाळी मागेन. ती पावसाळ्यातही जागेवर राहते.